फिरायला जाताना हातात जपमाळ



डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलेले असते आणि रोज एक रोझरी म्हणण्याची आपल्या घराची जुनी रीत असते. दोन्हींना वेळ पुरत नाही. मग आपल्यातले बरेच जण एक तोडगा काढतात. सकाळी जपमाळ हातात घेऊनच फिरायला निघतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही. प्रार्थना वेदीसमोर गुडघे टेकून करायची असते, रस्त्याने हात हलवत नव्हे, असे त्यांचे म्हणणे. देव काय फक्त वेदीजवळच असतो, असे तरुणांचे उत्तर. दोघांच्याही बोलण्यात थोडेथोडे खरे आहे. म्हणून हा प्रश्न आज आपण सावकाश तपासून पाहू या. रोजचा व्यायाम आणि ख्रिस्ती प्रार्थना एकत्र करणे योग्य आहे का? आणि योग्य असेल तर कोणत्या अटीवर?

हा प्रश्न आपल्या आजी-आजोबांना पडला नव्हता. त्यांना वेगळा व्यायाम करावाच लागत नसे. पहाटे उठून वाडीत पाणी लावायचे, भाजीच्या आणि फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, विहिरीचे पाणी भरायचे, चर्चलाही पायीच जायचे. शरीर दिवसभर राबलेले असे. त्यामुळे रात्री सारे घर रोझरीला गुडघे टेकून बसले की तीच त्यांची विश्रांती होई. आज वाड्या कमी झाल्या. दोन-दोन तास लोकलचा प्रवास आणि उरलेला दिवस खुर्चीत, असे आपले आयुष्य झाले. मधुमेह आणि रक्तदाब घराघरांत आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करायला हवा. जी हालचाल पूर्वी पोटापाण्याच्या कामातच होऊन जात असे, तिच्यासाठी आता मुद्दाम वेळ काढावा लागतो. आणि मुद्दाम काढलेला वेळ म्हटला की तो कोणाच्या वाट्यातून काढायचा, हा प्रश्न आलाच.

शरीर कोणाचे?

शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग आहे, ते जितके झिजेल तितका आत्मा मोकळा होईल, असे मानणारे लोक फार पूर्वीपासून होते. ख्रिस्तसभेने हे मत कधी स्वीकारले नाही. शरीर आणि सारे जड जग वाईट शक्तीचे आहे असे शिकवणाऱ्या मानी पंथात संत ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे होते. पुढे त्यांनी तो पंथ सोडला आणि त्याच्याविरुद्ध लिखाणही केले. आपली श्रद्धा याच्या नेमकी उलट आहे. देवाचा पुत्र मारियेच्या उदरी खरे मानवी शरीर घेऊन जन्मला. तो भुकेला झाला, याकोबाच्या विहिरीपाशी थकून बसला, होडीत झोपला. त्याने गालील ते जेरुसलेम ही वाट पायी तुडवली. आणि दर रविवारी श्रद्धांगीकार म्हणताना आपण फक्त आत्म्याच्या अमरत्वावर विश्वास व्यक्त करत नाही, तर मृतांच्या पुनरुत्थानावर करतो.

संत पौल करिंथच्या ख्रिस्ती लोकांना सांगतात, की तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, तुम्ही स्वतःचे मालक नाही आहात, म्हणून शरीरानेही देवाचा गौरव करा. या शिकवणीतून दोन गोष्टी निघतात. मंदिर पडझड होऊ द्यायचे नसते, ही पहिली. आणि मंदिराची पूजा करायची नसते, पूजा मंदिरात राहणाऱ्याची करायची असते, ही दुसरी. या दोन्ही बाजूंना घसरण्याची भीती आपल्याला आहे.

पहिली घसरण म्हणजे हयगय. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी आपल्या शरीराला ‘गाढव भाऊ’ असे नाव दिले होते आणि उपासतापासाने त्याला फार राबवले होते. १२२६ साली त्यांचा मृत्यू झाला. त्याआधी त्यांनी या गाढव भावाची क्षमा मागितली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. संत इग्नेशियस लोयोला यांनीही १५२२ साली मान्रेसा येथे इतकी कडक तपश्चर्या केली की त्यांची प्रकृती कायमची बिघडली. त्या अनुभवातून ते शिकले. पुढे १५४८ साली संत फ्रान्सिस बोर्जिया यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी उपवास कमी करण्याचा आणि शरीराला पुन्हा बळ आणण्याचा सल्ला दिला. आत्मा आणि शरीर दोन्ही निर्मात्याने दिले आहेत, दोन्हींचा हिशेब द्यावा लागणार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आपली हयगय मात्र उपवासाची नसते. आपण शरीर झिजवतो ते बसून, जागून आणि अरबट-चरबट खाऊन. त्याला तपश्चर्या म्हणता येत नाही. साखर वाढलेली असताना लग्नाच्या पंगतीत ताटभर गोड खायचे, चालायला जायचा कंटाळा करायचा आणि मग देव सांभाळून घेईल म्हणायचे, याला श्रद्धा म्हणावे का? उद्या आपण अंथरुणाला खिळलो तर आपली सेवा करायला सुनेला नोकरी सोडावी लागते, मुलाला कर्ज काढावे लागते. आपले शरीर फक्त आपल्यासाठी नसते, ते असे.

दुसरी घसरण आजच्या तरुणांची अधिक आहे. आरशासमोर दिवसातून दहा वेळा उभे राहायचे, दंड किती इंच झाला ते मोजायचे, जिमची फी वेळेवर भरायची आणि चर्चच्या वर्गणीला टाळाटाळ करायची. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात या दोन्ही गोष्टी पाठोपाठ सांगितल्या आहेत. आरोग्य ही देवाने सोपवलेली मोलाची देणगी आहे, तिची वाजवी काळजी घेतली पाहिजे. पण शरीरालाच दैवत करून त्याच्यासाठी सारे काही ओवाळून टाकणे हे चूक आहे. या दैवताचे एक वाईट फळ लगेच दिसते. ज्याचे शरीर सुडौल नाही, जो आजारी आहे, जो अपंग आहे, त्याच्याकडे आपण तुच्छतेने पाहू लागतो. ज्या व्यायामाने शेजाऱ्याविषयीची दया कमी होते, तो व्यायाम कितीही नेमाने केला तरी ख्रिस्ती नव्हे.

प्रार्थनेत शरीराला जागा आहे का?

आपण कधी लक्ष दिले आहे का, की पवित्र मिस्सामध्ये आपण सतत हालचाल करत असतो? उभे राहतो, बसतो, गुडघे टेकतो, छाती बडवतो, क्रुसाची खूण करतो, शेजाऱ्याला शांतीचे अभिवादन करतो, रांगेने चालत जाऊन ख्रिस्तप्रसाद घेतो. पवित्र शुक्रवारी उपासनेच्या आरंभी धर्मगुरू वेदीपुढे जमिनीवर पालथे पडतात. क्रुसाच्या वाटेची भक्ती तर चौदा ठिकाणी चालत जाऊन करायची प्रार्थना आहे. संत डॉमिनिक यांच्या प्रार्थनेच्या नऊ पद्धती सांगणारा तेराव्या शतकातला एक छोटा ग्रंथ आहे. त्यात वाकणे, पालथे पडणे, पुन्हा पुन्हा गुडघे टेकून उठणे, हात पसरून उभे राहणे आणि प्रवासात चालता चालता प्रार्थना करणे, या सगळ्यांचे वर्णन आहे. तेव्हा चालताना प्रार्थना करणे ही काही नव्या पिढीने काढलेली पळवाट नाही.

संत इग्नेशियस यांनी आपल्या मननाच्या पुस्तकाला नावच ‘आध्यात्मिक व्यायाम’ असे दिले. फिरणे, चालणे, धावणे हे जसे शरीराचे व्यायाम, तसे हे आत्म्याचे, असा खुलासा त्यांनी सुरुवातीलाच केला आहे. ख्रिस्ती तपश्चर्येसाठी जो ग्रीक शब्द रूढ झाला तो ‘आस्केसिस’. त्याचा मूळ अर्थ सराव, तालीम असाच आहे. संत पौलांना धावण्याच्या शर्यती आणि मुष्टियुद्ध यांची उदाहरणे सहज सुचतात, कारण करिंथजवळ त्या काळी मोठे खेळ भरत असत. मात्र तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात या दोन सरावांमध्ये एक पायरीही आखलेली आहे. शरीराच्या सरावाचा उपयोग थोड्यापुरता, सुभक्तीचा उपयोग सर्व बाबतींत. थोड्यापुरता याचा अर्थ निरुपयोगी असा नव्हे. पण दोन्ही एका मापाचे नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवे.

आपल्या मूळ प्रश्नाची खरी अडचण इथेच आहे. दोन्ही गोष्टी एकाच अर्ध्या तासात उरकल्या तर नेमके काय होते? प्रार्थना व्यायामाला सोबत करते की व्यायाम प्रार्थनेला गिळून टाकतो?

पोप पॉल सहावे यांनी १९७४ साली पवित्र मारियेच्या भक्तीविषयी एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी बजावले, की मननाशिवाय म्हटलेली रोझरी ही आत्मा नसलेल्या शरीरासारखी होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली प्रकाशाची रहस्ये जोडली तेव्हाही हाच भर दिला. मण्यांवर बोटे फिरली, ओठ हलले आणि मन समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या नव्या गाडीकडे लागले, तर चालणे झाले, रोझरी झाली नाही. पण हेही प्रामाणिकपणे मान्य करू या, की वेदीसमोर गुडघे टेकूनसुद्धा आपले मन चुलीवरच्या दुधाकडे जाते. तेव्हा मन भरकटणे हा केवळ रस्त्याचा दोष नाही.

चालण्याला एक ठरावीक ठेका असतो आणि पुन्हा पुन्हा म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेलाही असतो. म्हणून दोन्ही एकमेकांना धरून चालू शकतात. साधारण वीस मिनिटांत पाच दशके होतात आणि तेवढ्या वेळात बरे चालणारा माणूस दीड किलोमीटर जातो. जोरात धावताना मात्र पूर्ण ‘नमो मारिया’ म्हणायला दम पुरत नाही. तिथे पूर्वेकडच्या ख्रिस्ती साधूंची जुनी पद्धत उपयोगी पडते. ते श्वासाच्या लयीवर येशूचे नाव घेत असत. वजने उचलताना तर सगळे लक्ष पाठीकडे आणि हाताकडेच हवे, नाहीतर दुखापत ठरलेली. तेव्हा सुरुवातीला आणि शेवटी क्रुसाची खूण करून तो श्रम देवाला अर्पण करावा, एवढे पुरे. प्रत्येक कसरतीवर प्रार्थना चिकटवलीच पाहिजे असे नाही.

योगासनांचे काय?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. ख्रिस्ती मननाविषयी रोमच्या धर्मश्रद्धा मंडळाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी जगातल्या सर्व बिशपांना पत्र लिहिले होते. पौर्वात्य पद्धतींमधल्या शरीराच्या आणि श्वासाच्या शिस्तीचा देवासमोर शांतपणे येण्यासाठी उपयोग होऊ शकतो, हे त्या पत्राने नाकारलेले नाही. पण एक सावधगिरी सांगितली आहे. शरीर सैल झाल्यावर जी शांतता आणि ऊब जाणवते, तिलाच पवित्र आत्म्याने दिलेले सांत्वन समजू नये. हा इशारा आपल्या सकाळच्या फेरीलाही तितकाच लागू आहे. चालून आल्यावर मन हलके वाटते. ते देवाने शरीरातच घालून ठेवलेले चांगले गुण आहेत, त्याबद्दल त्याचे आभार मानावेत. पण हलके वाटले म्हणजे प्रार्थना चांगली झाली आणि जड वाटले म्हणजे झाली नाही, असा हिशेब करू नये. प्रार्थना म्हणजे प्रभूशी भेट. त्या भेटीतून कधी सुख मिळते, कधी कान टोचले जातात, तर कधी काहीच जाणवत नाही.

म्हणूनच रक्तदाब कमी व्हावा एवढ्याचसाठी रोझरी हाती घेणे बरे नव्हे. कमी झाला तर आनंदच आहे. परंतु देवाला औषधाच्या गोळीसारखे वापरायचे ठरवले, तर गोळी लागू पडली नाही त्या दिवशी आपण देवालाही बाजूला ठेवू.

तुरीनचा गिर्यारोहक

या बाबतीत एका तरुणाचे जीवन आपल्याला बरेच शिकवते. पिएर जॉर्जो फ्रासाती यांचा जन्म १९०१ साली इटलीतल्या तुरीन शहरात श्रीमंत घरात झाला. आल्प्सच्या पहाडांवर चढणे आणि बर्फावरून घसरत जाणे हे त्यांचे वेड होते. ते रोज ख्रिस्तप्रसाद घेत आणि रोझरी म्हणत. डोंगरावर मित्रांनाही प्रार्थनेत सामील करून घेत. पण त्यांचे दणकट पाय फक्त शिखरांसाठी नव्हते. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद म्हणून ते तुरीनच्या गरीब वस्त्यांत जिने चढून औषधे आणि अन्न पोहोचवत. खिशातले गाडीभाडे कोणाला तरी देऊन टाकायचे आणि जेवणाची वेळ गाठायला घरी धावत जायचे, असे त्यांच्याबद्दल सांगतात.

१९२५ सालच्या जुलै महिन्यात वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी पोलिओने त्यांचा मृत्यू झाला. आजाराने लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्यांनी शेवटची चिठ्ठी लिहिली, ती एका गरीब रुग्णाच्या औषधाविषयी होती. त्यांच्या अंत्ययात्रेला तुरीनचे गोरगरीब लोटले. घरच्यांना त्यांच्या या सेवेची खरी ओळख तेव्हा झाली. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले.

इतके धडधाकट शरीर काही दिवसांत गेले. व्यायाम केला म्हणजे आयुष्याची हमी मिळते, असे नाही. मग त्या व्यायामाचा उपयोग काय झाला? ज्या जिन्यांवर इतर जण चढत नव्हते, ते जिने त्या पायांनी चढले. शरीर बळकट कशासाठी ठेवायचे, या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर आम्हांला इथे सापडते. जास्त जगण्यासाठी एवढेच नव्हे, तर दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी. त्याचबरोबर ज्यांना हे बळ मिळालेच नाही, जे अंथरुणावर आहेत, त्यांची प्रार्थना उणी ठरत नाही. मण्यावरून फिरणारे एक बोट, तेही जमत नसेल तर एक श्वास, हेदेखील शरीराने केलेले अर्पणच आहे.

अम्माऊसची वाट

वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यातले खरे काय आणि तरुणांच्या म्हणण्यातले खरे काय, याचा निवाडा करताना आम्हांला लूकच्या शुभवर्तमानातली अम्माऊसची घटना आठवते. जेरुसलेमपासून सुमारे अकरा किलोमीटरवरचे ते गाव. दोन शिष्य खिन्न मनाने चालले होते. उठलेला प्रभू त्यांना वाटेत भेटला. त्याने त्यांना थांबवून गुडघे टेकायला लावले नाही; त्यांच्या पावलांशी पावले जुळवून तो चालला आणि चालता चालता त्याने शास्त्रलेख उलगडून सांगितले. त्यांची अंतःकरणे त्या वाटेवरच पेटली. हे तरुणांच्या बाजूचे. पण त्यांनी प्रभूला ओळखले कधी? चालताना नव्हे. आत जाऊन ते मेजापाशी बसले, त्याने भाकर मोडली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. हे वडीलधाऱ्यांच्या बाजूचे. आणि ओळखल्यावर ते तिथे बसून राहिले नाहीत. त्याच घटकेस उठून जेरुसलेमला परत गेले, दुसऱ्यांना बातमी द्यायला.

म्हणजे वाटही हवी, मेजही हवे आणि मेजावरून उठून लोकांकडे जाणेही हवे. चालतानाची प्रार्थना चांगली; परंतु ती थांबून केलेल्या प्रार्थनेकडे नेणारी असावी, तिची जागा घेणारी नसावी. यावरून काही साध्या अटी आम्ही सुचवतो.

चालताना रोझरी म्हणा, पण दिवसातली निदान दहा मिनिटे अशी ठेवा की ज्यात दुसरे काहीही काम होत नाही, फक्त देव आणि आपण. ज्याच्यावर आपले प्रेम असते त्याला आपण नेहमी दुसरे काम करता करताच भेटत नाही. घरात सर्वांची एकत्र रोझरी होत असेल तर ती मोडू नका. सकाळची एकट्याची फेरी तिच्यात भर म्हणून असू द्या.

रविवार सांभाळा. मुंबईची मॅरेथॉन काय किंवा वसई-विरारची काय, या शर्यती रविवारी सकाळीच असतात. त्यात भाग घ्यायला हरकत नाही. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते किंवा रविवारी उशिराच्या मिस्साला येता येते. ठरवताना आधी मिस्साची वेळ लिहा, मग शर्यतीची.

रस्त्यात कानांत इअरफोन घालून प्रार्थना ऐकत चालू नका. मागून येणारी रिक्षा ऐकू येत नाही. ज्यांना हृदयविकार आहे किंवा ज्यांचे वय झाले आहे, त्यांनी व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. देवाची परीक्षा पाहणे हा भक्तीचा भाग नाही.

आणि शेवटचे, पण आमच्या मते महत्त्वाचे. आठवड्यातून एक दिवस आपली फेरी एखाद्या आजारी किंवा एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याच्या दारापर्यंत न्या. पाचवे दशक त्यांच्याबरोबर त्यांच्या घरात बसून म्हणा. त्यांना चालता येत नसेल, तर तेवढ्यापुरते त्यांचे पाय आपण व्हावे. येत्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातल्या प्रत्येक घराने असे एक दार शोधावे, अशी आमची विनंती आहे. पवित्र मारिया एलिसाबेथच्या मदतीला डोंगराळ मुलखात लगबगीने चालत गेली; ती आपल्यालाही सोबत करो.